चिमुकल्या सैन्याचा वर्षसंकल्प

वर्षप्रतिपदेला नवे संकल्प करण्याची हौस मराठी घरांतून मोठी आहे. ते संकल्प आषाढापर्यंत टिकविण्याची हौस मात्र फार थोड्या घरांतून आढळते. कोणी पहाटे उठण्याचा निश्चय करतो, कोणी रोजनिशी लिहिण्याचा. आरंभशूरपणाचा हा दोष व्यायामाला आणि अभ्यासालाच लागतो असें नाहीं. तो छंदालाही लागतो, आणि छंदाला लागला म्हणजे अधिक बाधतो. व्यायाम सोडला तर वैद्य दटावतो, अभ्यास सोडला तर परीक्षक दटावतो. छंद अर्धवट राहिला तर विचारणारें कोणी नसतें. कपाटांतील न उघडलेल्या पेट्या तेवढ्या साक्षीला राहतात.

अशा पेट्यांनीं कपाटें भरून टाकणारा एक छंद म्हणजे चिमुकल्या सैन्यांच्या लढाईचा खेळ. बोटाच्या पेराएवढे शिपाई घ्यावयाचे, त्यांच्या काळचा पोशाख त्यांच्यावर रंगानें चढवावयाचा, मेजावर टेकड्या, नदी आणि तट उभारावयाचे, आणि ठरलेल्या नियमांनीं, फांसे टाकून व फूटपट्टीनें अंतर मोजून, दोघांनीं मिळून एक लढाई खेळावयाची. हा खेळ पोरखेळ म्हणून जन्मला नाहीं. प्रशियाच्या राजासमोर १८१२ सालीं राइस्विट्झ नांवाच्या सरदारानें असा एक खेळ मांडला. त्याच्या मुलानें १८२४ सालीं त्याचे नियम छापले, आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्याला स्थान मिळालें. पुढें १९१३ सालीं इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून तो खेळ दिवाणखान्याच्या जमिनीवर आणला. आज प्लॅस्टिकचे शिपाई घरपोंच मिळतात, यंत्रावर हव्या त्या आकाराचे छापूनही घेतां येतात. मिळणें सोपें झालें. पुरें करणें पूर्वीइतकेंच कठीण राहिलें.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखांत हा छंद परका वाटण्याचें कारण नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें लाकडी बैलांना झूल घालून, शिंगांना बेगड लावून मिरवीत नेतात. दिवाळींत अंगणांतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्याची चाल पश्चिम महाराष्ट्रांत अधिक दृढ असली तरी नागपूरकडेही ती चांगली रुजली आहे. लहान आकारांत मोठें जग उभें करावें, त्याला एक नेमका सण असावा, आणि त्या सणाच्या सकाळपर्यंत काम पुरें व्हावें, ही शिस्त मुलांना उपजत कळलेली असते. बैल तान्ह्या पोळ्यानंतर रंगवून चालत नाहीं, हें सहा वर्षांच्या मुलाला सांगावें लागत नाहीं. मोठीं माणसें जेव्हां तोच खेळ मोठ्या खर्चानें खेळूं लागतात, तेव्हां नेमकी ही मुदत त्यांच्या हातून सुटते.

ती कां सुटते? संकल्पाचा आकार चुकतो म्हणून. छंदी गृहस्थ पाडव्याला ठरवितो कीं, ‘यंदा मराठा फौज पुरी करीन.’ फौज ही संपणारी वस्तु नव्हे. पायदळ झालें कीं घोडदळ हवें, घोडदळ झालें कीं तोफखाना, आणि तोफखाना आला कीं समोर शत्रु नाहीं म्हणून दुसरी फौज. वर्षाअखेर थोडे शिपाई रंगलेले, थोडे अर्धे, बहुतेक पेटींतच. आणि खेळ एकही नाहीं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

या चुकीचें सर्वांत भव्य उदाहरण इंग्लंडांत घडलें. विल्यम सायबॉर्न या लष्करी अधिकाऱ्याकडे १८३० सालीं वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम आलें. तो आठ महिने रणभूमीवरच्या एका वाडीवर राहिला, जमिनीचा चढउतार मोजला, हयात अधिकाऱ्यांना पत्रें लिहून कोणती पलटण कोठें उभी होती तें विचारलें. १८३३ सालीं सरकारनें हात आखडता घेतला. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. १८३८ सालीं लंडनमध्यें प्रतिकृति मांडली गेली तेव्हां तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक शिपाई होते. लोकांनीं वाहवा केली. पण खर्च भरून आला नाहीं, आणि सायबॉर्नची काळजी संपली नाहीं. बोध होण्याजोगी गोष्ट त्याच्या पुढची आहे. १८४४ सालीं त्यानें दुसरी प्रतिकृति केली ती साऱ्या रणभूमीची नव्हे. त्या लढाईंतल्या एकाच प्रसंगाची, घोडदळाच्या एका हल्ल्याची. क्षेत्र लहान घेतलें, म्हणून शिपाई मोठे करतां आले.

तेव्हां पहिला नियम हा: वर्षाचा संकल्प फौजेचा नसावा, प्रसंगाचा असावा. ‘अमुक दिवशीं अमुक प्रसंग मेजावर खेळला जाईल’ एवढें एकच वाक्य संकल्पांत असावें. किती शिपाई, किती तोफा, किती हात लांबीचा तट, हीं सर्व उत्तरें त्या वाक्यांतून आपोआप निघतात; आणि जें त्या वाक्याला लागत नाहीं तें त्या वर्षीं विकत घ्यावयाचें नाहीं, हेंही त्यांतूनच निघतें.

प्रसंगासाठीं चंद्रपूरकराला दूर जाण्याची गरज नाहीं. शहराभोंवतीं गोंड राजांचा तट आजही उभा आहे. खांडक्या बल्लाळशाहाच्या कुत्र्यामागें ससाच लागला, त्या धांवेच्या मार्गावर तटाची आंखणी झाली, ही दंतकथा तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे. वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला. इरई आणि झरपट या दोन नद्या शहराला बिलगून वाहतात. याच तटावर १८१८ सालीं इंग्रजांशीं शेवटची झुंज झाली. १७ एप्रिल रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें दुसऱ्या बाजीरावाचा पराभव करून कर्नल ॲडम्स चांद्यावर चालून आला. किल्ला भोसल्यांचा, किल्लेदार गंगासिंग. तोफांनीं तटाला खिंडार पडलें, २० मे रोजीं त्या खिंडारांतून इंग्रजी फौज आंत शिरली, आणि गंगासिंग कामास आला.

एवढी कथा हातीं आली कीं हौशी मन लगेच सबंध तट उभारावयास निघतें. तेथें त्रैराशिकानें त्याला थांबवावें. जुन्या गॅझेटियरांतून तटाचा घेर साडेपांच मैल दिलेला आहे. या खेळांत फार चालणारें एक प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. त्यांत साडेपांच फुटांचा माणूस एका इंचाहून किंचित् ठेंगणा होतो. त्या प्रमाणांत साडेपांच मैलांचा तट सुमारें चारशें फूट भरतो. चारशें फुटांचा दिवाणखाना कोणाच्या घरीं आहे? पण खिंडार, त्याच्या अंगचा एक बुरुज आणि दोहों बाजूंचा थोडा तट एवढेंच घेतलें, तर तें काम चार फुटांच्या मेजावर बसतें. वीस फूट उंचीचा तट धरला तर मेजावर तो सवातीन इंचांचा होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण या छंदांत अक्षरशः लागू पडते.

मेजाचें माप झाल्यावर वेळेचें माप. वर्षाचे आठवडे बावन्न खरे. पण लग्नसराई, परीक्षा, पाहुणे, आजार आणि प्रवास यांचे सोळा आठवडे प्रामाणिकपणें आधींच वजा करावे. उरले छत्तीस. आठवड्यांतून तीन तास या छंदाला मिळाले तर वर्षाचे एकशें आठ तास होतात. त्यांतले बारा वाचनाला व तट पाहण्याला, साठ शिपायांना, चोवीस तटाला आणि जमिनीला, व उरलेले बारा नियम बसविण्याला आणि खेळण्याला. एका शिपायाला एक तास धरला तर साठ शिपाई होतात: बत्तीस हल्ला करणारे, वीस राखणारे, आणि दोन तोफांचे आठ गोलंदाज. साठाचा आंकडा ऐकून ज्याला तो थोडा वाटेल त्यानें आपल्या कपाटांतले आजवर पुरे झालेले शिपाई मोजून पाहावे.

कोणतें काम केव्हां करावें हें या मुलखांत ऋतूच ठरवितात. चैत्र-वैशाखांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्याही पुढें जातो. पाण्यांत कालविलेला रंग पंख्याखालीं कुंचल्यावरच सुकून जातो, आणि उन्हांत ठेवलेली ओली माती तडकते. म्हणून उन्हाळ्यांत रंगाची डबी उघडूंच नये. तो काळ वाचनाचा, नकाशे काढण्याचा, आणि पहाटेच्या गारव्यांत तटावरून हिंडून दगडांचा रंग, बुरुजाचा फुगीरपणा, चर्यांची घडण डोळ्यांत सांठविण्याचा. लागणाऱ्या वस्तूंची यादीही तेव्हांच करावी, आणि ती एकदांच करावी.

मृगाचा पाऊस पडला कीं कुंचला हातीं घ्यावा. मृगापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत वीस आठवडे मिळतात. आठवड्याला तीन शिपाई. मऊ प्लॅस्टिकचे शिपाई असतील तर त्यांना आधीं साबणाच्या पाण्यानें धुवावें, नाहींतर साच्याचा तेलकटपणा रंग धरूं देत नाहीं. एकेक शिपाई नखशिखान्त रंगवीत बसण्यापेक्षां सहा-सहांची रांग करून सर्वांचे अंगरखे, मग सर्वांचीं पागोटीं, मग सर्वांच्या बंदुका असा क्रम ठेवला तर हात बसतो आणि वेळ वांचतो. वरचें संरक्षक रोगण मात्र पावसाळ्यांत देऊं नये. हवेंतल्या दमटपणानें तें दुधाळ होतें आणि चार महिन्यांची मेहनत धुक्यांत बुडते. रोगणाचें काम कार्तिकाच्या कोरड्या हवेसाठीं राखून ठेवावें.

या वीस आठवड्यांच्या मध्यावर एक मुक्काम हवा, आणि तो तान्हा पोळा असावा. तोफा ओढावयाला त्या काळीं बैलच असत. त्या दिवशीं घरांतील मुलें आपला लाकडी बैल मिरवितील, तेव्हां मोठ्यांच्या तोफांना जुंपावयाचे इंचभर उंचीचे बैल आणि निम्मे शिपाई तयार असले पाहिजेत. नसले तर तेथेंच थांबून संकल्प लहान करावा. साठांचे पन्नास करावे, दोन तोफांची एक करावी. मुदत पुढें ढकलावयाची नाहीं, आकार कमी करावयाचा, हा दुसरा नियम. मुदत एकदां सरकली कीं ती सरकतच जाते; आकार कमी केला तर काम तेवढेंच लहान होतें, पण होतें.

दिवाळींतला मातीचा किल्ला ही तटाची रंगीत तालीम समजावी. त्या वर्षींचा किल्ला रायगड-सिंहगडाऐवजीं चांद्याच्या खिंडाराचा करावा. चार दिवसांत माती कोठें ढांसळते, शिडी कोठें टेकते, बुरुजावरून शिपायाला काय दिसतें, हें मुलांच्या हातूनच कळतें. मग पुढच्या आठ आठवड्यांत पक्का तट पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा करावा. झाडोऱ्यासाठीं परदेशी सामान मागविण्याची जरूर नाहीं. सागाच्या मुलखांत आरागिरणीचा भुसा मिळतो. तो हिरव्या-पिवळ्या रंगांत भिजवून सुकविला कीं गवत होतें. बांबूच्या कामट्यांच्या शिड्या होतात, आणि इरईच्या वाळूसारखी वाळू दुसरी कोठली आणावयाची? माघांत थंडी ओसरण्यापूर्वीं मेज मांडावें आणि लढाई खेळावी.

साडेपांच मैलांच्या तटाकडे थोडें थोडें करून कसें जावें, याचा धडा त्या तटानेंच अलीकडे दिला आहे. झुडपांनीं आणि केरानें तट झांकून गेला होता. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या चंद्रपूरच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनीं तो मोकळा करावयास घेतला. एका दिवसांत सारा किल्ला स्वच्छ करण्याची घोषणा त्यांनीं केली असती तर वर्तमानपत्रांत एक छायाचित्र आलें असतें आणि दुसऱ्या पावसाळ्यांत झुडपें परत आलीं असतीं. त्यांनीं रोज सकाळीं थोडें, एका बुरुजानंतर दुसरा बुरुज, असा क्रम शेंकडों दिवस चालविला. ज्या तटाचें चिमुकलें रूप मेजावर उभें करावयाचें, त्या तटाला या माणसांनीं खरोखर पुन्हां दिसूं दिलें. छंदी माणसाच्या वर्षसंकल्पांत अशी एखादी सकाळ असली तर त्याचा संकल्प अधिक वजनदार होईल.

आतां एक नाजूक गोष्ट. या मुलखांत निवडण्यासारखे प्रसंग पुष्कळ आहेत. परंतु सारेच खेळण्यासारखे नाहींत. १८५८ सालीं मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललें. मार्च महिन्यांत नांदगांव-घोसरी येथें चकमक झाली, २९ एप्रिल रोजीं प्राणहितेकांठीं चिंचगुंडीच्या तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला, आणि २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यांत बाबूरावांना फांशी देण्यांत आलें. घनदाट जंगलांतली, थोड्या माणसांची चकमक चाळीस शिपायांत मांडतां येते. ज्याच्यापाशीं वर्षाचे साठच तास आहेत त्यानें ती निवडावी. झाडीचा आडोसा, नाल्याची वाट, अपुऱ्या हत्यारांनीं बंदुकीला दिलेलें तोंड, हें मेजावर समजून घेतां येतें, आणि घेतल्यानें त्या माणसांविषयींचा आदर वाढतो. फांशीचा खांब मात्र मेजावर येत नाहीं. तेथें फांसे टाकावयाचे नसतात.

गडचिरोली १९८२ सालीं स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्यानंतरचीं कित्येक वर्षें तेथल्या जंगलांत खऱ्या बंदुकांचे आवाज ऐकूं आले. पोलीस गेले, गांवकरी गेले, शस्त्र हातीं घेतलेलीं तरुण मुलें गेलीं. ज्या घरांत त्या आठवणी ओल्या आहेत त्यांच्या शेजारीं बसून तो झगडा खेळणें कोणालाही शोभणार नाहीं. खेळाचा प्रसंग इतका जुना असावा कीं त्याच्यासाठीं रडणारें कोणी हयात नसावें. हा नियम कोणत्याही छापील नियमांच्या पुस्तकापेक्षां मोठा मानावा. वेल्सनें आपल्या पुस्तकाच्या शेवटीं हेंच निराळ्या रीतीनें सुचविलें होतें: जो हा लहान खेळ तीनचार वेळां खेळेल त्याला खरें युद्ध केवढी गोंधळाची आणि मूर्खपणाची गोष्ट आहे हें कळून चुकेल. पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें.

मग माघांतल्या त्या संध्याकाळीं काय मिळतें? एका बाजूला ॲडम्सची तुकडी, दुसऱ्या बाजूला गंगासिंगाची. कदाचित् त्या दिवशीं फांसे असे पडतील कीं खिंडार राखलें जाईल. खेळणाऱ्या मुलाला तेव्हां प्रश्न पडेल कीं, खऱ्या गंगासिंगाला कुमक कां आली नाहीं, दारूगोळा किती होता, तटाच्या आंतल्या लोकांनीं ते दिवस कसे काढले. तो प्रश्न घेऊन तें मूल दुसऱ्या दिवशीं पठाणपुऱ्याच्या वेशींतून जाईल तेव्हां त्या दगडांकडे निराळ्या नजरेनें पाहील. वर्षभर आठवड्याला तीन तास बाजूला काढून घरानें एवढें कमावलें तर तो सौदा महाग नाहीं.

पाडव्याला नवा संकल्प करण्यापूर्वीं जुन्याचा हिशेब एका वहींत चार ओळींत लिहावा: काय योजिलें, काय झालें, काय गाळलें, आणि खेळ कोणत्या तारखेला झाला. न उघडलेल्या पेट्या दुसऱ्या एखाद्या हौशी मुलाला देऊन टाकाव्या. त्या ठेवल्या तर पुढल्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. आणि वहीच्या नव्या पानावर पुन्हां एकच प्रसंग लिहावा. चांद्याचें खिंडार झालें असेल तर आरमोरीकडचा वैरागडचा कोट वाट पाहात आहे. उन्हाळ्याची एक पहाट तिकडे जाऊन यावें, आणि मग मेजाचें माप घ्यावें.